आई-बाबांसाठी न्यूयॉर्कमधलं इटालियन: कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून येताहेत. आईला अंडंही चालत नाही, बाबांना मासे जीव की प्राण. दोघांनाही इथलं चांगलं इटालियन खायचंय. स्वस्त, मध्यम, एखादं महागडंही चालेल. सुचवाल का?

---

ताई, नमस्कार.
आधी आईंचं बघू. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या बिचाऱ्या अर्धपोटी उठल्या. ताजा पास्ता बहुतेक वेळा अंडं घालून मळतात. सुका मात्र गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा. म्हणून मेनूत ‘फ्रेश’ दिसलं की विचाराच. दुसरं चीजचं. पार्मिजानो रेज्जानोला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) लागतं, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. म्हणजे नुसत्या चीज-मिरीचा काच्यो ए पेपेही गेला. आई हे पाळत असतील तर लसूण-ऑलिव्ह तेलातली स्पगेटी चीजशिवाय मागवा. रिसोत्तो (इटालियन मऊ भात) आणि सूप कशाच्या स्टॉकमध्ये, म्हणजे कशाच्या उकळलेल्या पाण्यात, केलंय, तेही विचारून घ्या.

स्वस्तात म्हणाल तर कार्माइन स्ट्रीटवरचं जोज पिझ्झा, १९७५ पासूनचं. एकेक स्लाइस घ्यायचा आणि उभ्यानेच खायचा. बसून खायचं तर जवळच ब्लीकर स्ट्रीटवर जॉन्स आहे, १९२९ चं, कोळशाच्या भट्टीचं. तिथे स्लाइस मिळत नाही, अख्खा पिझ्झाच घ्यावा लागतो.

मध्यमाच्या जरा वर ग्रोव्ह स्ट्रीटचं व्हिया कारोटा. भाज्यांना इतका मान देणारं इटालियन मी दुसरं पाहिलं नाही. त्यांचं हिरव्या पानांचं सॅलड म्हणजे ताटात टेकडीच! रांग मोठी असते, संध्याकाळी लवकर जा.

बाबांसाठी एकदा खिसा सैल करायचा तर सेंट्रल पार्क साउथवरचं मरेआ. सगळा भर समुद्रावर. ऑक्टोपस आणि हाडातल्या मगजाचा फुसिली (पिळाचा पास्ता) ही तिथली खासियत.

---

ताई, यात एक भर घालतो. मॅनहॅटनमध्येच अडकू नका, एक सकाळ ब्राँक्सच्या आर्थर ॲव्हेन्यूला, तिथल्या जुन्या इटालियन वस्तीला, द्या. ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थ या लोकल गाडीने फोर्डहॅम, पुढे थोडं चालायचं. तिथलं छताखालचं मार्केट १९४० मध्ये महापौर ला गार्डियांनी हातगाडीवाल्यांसाठी उघडलं. आपल्या मंडईसारखंच, भाजी, मासे, चीज सगळं एका छपराखाली. मॅडोनियाची बेकरी १९१८ ची, ऑलिव्हचा पाव तिथूनच घ्या. बोरगाट्टीजकडे पास्ता हव्या त्या रुंदीचा कापून देतात, पण तो अंड्याचा, तेव्हा बाबांपुरताच. माझ्या वडिलांना सगळ्या सहलीत हीच सकाळ सर्वांत आवडली होती. भाव विचारत, वास घेत तीन तास फिरले.

---

दोघांचेही मनापासून आभार. आर्थर ॲव्हेन्यू आणि जोज नक्की. मरेआला बाबा आणि मीच जाऊ. अजून एक, व्हिया कारोटाला पंचाहत्तरीच्या माणसांना रांगेत उभं करायचं नाहीये. दुपारी तीनच्या सुमाराला कुणी गेलंय का?