‘फॅमिली मेडिसिन’ला मराठीत काय म्हणावं?

भाची अमेरिकेत, ओहायोत, फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) करतेय. तीन वर्षं संपत आली. कोथरूडच्या आमच्या मंडळाच्या अंकात तिचं अभिनंदन छापायचंय आणि संपादकांना मराठीच शब्द हवा. मी ‘कुटुंबवैद्यक’ लिहून दिलं. आईनं वाचलं आणि विचारलं, “म्हणजे नसबंदीचं शिकतेय का ती?” तेव्हापासून अडलोय. शिवाय ‘प्रॅक्टिस’चं काय करायचं? ‘सराव’ म्हटलं की पुण्यात नदीकाठचे ढोल-ताशेच ऐकू येतात.

प्रतिसाद :
आईंचं काही चुकलेलं नाही. लाल त्रिकोण काढून भिंतीभिंतीवर ‘कुटुंब नियोजन’ रंगवल्यावर त्या शब्दाचं दुसरं काय होणार? त्याआधीही तो सरळ नव्हताच. माझे आजोबा आजीचं नाव घेत नसत. “कुटुंब माहेरी गेलंय,” म्हणत. त्यांना ‘कुटुंबवैद्य’ सांगितलं असतं तर बायकोचा वैद्य वेगळा का, असं त्यांनी विचारलं असतं. आणि आजच्या मराठीत वैद्य म्हटलं की काढा, चूर्ण आणि पथ्य. स्टेथोस्कोप डोळ्यांपुढे येत नाही.

प्रॅक्टिसला मात्र चांगला शब्द पडून आहे : वैद्यकी. वैद्यक म्हणजे शास्त्र, वैद्यकी म्हणजे त्याचा व्यवसाय, वैद्यकीय हे विशेषण. बोलण्यात डॉक्टरकी, पाटीलकी, मास्तरकी, भाऊबंदकीतला तो ‘की’. (भिक्षुकी यात धरू नका, तिथला ‘क’ भिक्षुकातलाच आहे.)

प्रतिसाद :
डॉक्टरकीत थोडी चेष्टा आहे हो. “घरच्या घरी डॉक्टरकी करू नका,” हे मी पेशंटना रोज सांगते. तीस वर्षं नारायण पेठेत माझा दवाखाना आहे. क्लिनिक फक्त पाटीवर.

तुमची भाची शिकतेय ते आणि पुण्यातला ‘फॅमिली डॉक्टर’ यांत फरक आहे. अमेरिकेत 1969 साली ही स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य झाली. वैद्यकाची पदवी घेतल्यावर तीन वर्षं तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळं शिकायचं, त्यात बाळंतपण आलं, मनाचे आजारही आले. आपल्याकडेही या शाखेचं तीन वर्षांचं डीएनबी (एमबीबीएसनंतरचं शिक्षण) आहे, पण पाटीवर ते वाचून लोक विचारतात, “पण स्पेशालिस्ट कशाचे?” इथे फॅमिली डॉक्टर ही पदवी पेशंटच देतात. मग डॉक्टर एमबीबीएस असो, बीएएमएस असो की होमिओपॅथ.

आणि मराठीत ती पदवी सर्वनामात असते. परवा एक बाई बाकावर बसून फोनवर शेजारणीला सांगत होत्या, “आपल्या डॉक्टरांकडे आलेय.” ती शेजारीणही माझ्याकडेच येते. पाच मिनिटांनी बाणेरला राहायला गेलेल्या सुनेचा फोन आला, तर “आमच्या डॉक्टरांकडे.” सुनेनं तिकडे दुसरे डॉक्टर धरलेत, हे मला तेव्हा कळलं!

प्रतिसाद :
डॉक्टरीणबाई, झकास. यात ‘गुण’ही घाला. औषधानं गुण येतो, पण डॉक्टरांच्या हाताला गुण असतो. लहानपणी आम्ही घरून धुतलेली बाटली घेऊन जायचो. कंपाउंडर तीत गुलाबी मिक्श्चर ओतायचा आणि कागदाची घडी घालून, कातरून, डोसाच्या खुणांची पट्टी खळीनं चिकटवायचा. तेच मिक्श्चर पलीकडच्या गल्लीतही मिळत असणार. पण आजी म्हणायची, त्या डॉक्टरांचा हात नाही.

मूळ लेखक :
सगळ्यांचे आभार. संपादकांना ‘फॅमिली मेडिसिन’ देवनागरीत छापायला राजी केलं. प्रॅक्टिसला वैद्यकी ठेवलं. मथळ्यात ‘आपली डॉक्टर’ घाल, असा आईचा हट्ट होता. पण खोकला झाला म्हणून मंडळातलं कोण ओहायोला जाणार? ‘आमची’ लिहिलंय.