नंबर दिल्याशिवाय बिलच होत नाही, मग कायदा कुणासाठी?

मनीषा_नाशिक
आईची थायरॉईडची तपासणी केली, फॉर्मवर माझा नंबर लिहिला. दुसऱ्या दिवसापासून आरोग्य विम्याचे फोन सुरू. समोरचा माणूस आईचं वय सांगतोय! लॅबवाले म्हणतात, आमच्याकडून काहीच गेलं नाही. काल किराण्याच्या काउंटरवर तेच. "नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही मॅडम." मागे रांग खोळंबलेली. मी सामान तिथेच ठेवून बाहेर पडले. मला वाटतं, सरकारनं या कंपन्यांना वेसण घालायलाच हवी. तुमचं मत काय? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे ना?

वकील_कोल्हापूर
ताई, योग्य केलंत. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानांना बजावलंय. डेटा संरक्षण कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला, पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्यातही कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना आणखी १८ महिन्यांची मुदत! दंड २५० कोटींपर्यंत, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

कापडदुकान_इचलकरंजी
मीही नंबर घेतो. दिवाळीला नवीन माल आला की मेसेज टाकतो, जुनी गिऱ्हाईकं येतात. आजवर कुणाला एक नंबर विकलेला नाही. पण बिलिंगचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे, तिच्या सर्व्हरवर सगळी यादी जाते. तिथं पुढं काय होतं, आम्हाला कोण सांगणार? नियम जरूर करा, आधी त्या मोठ्यांना धरा.

माहिती_अधिकार_बीड
कंपन्यांना धराच, पण सरकारलाही सोडू नका. कलम १७ खाली केंद्र आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो काय फक्त कंपन्यांपुरता? वर याच कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं कलम, बदललं. आता सरकारी योजनेच्या लाभार्थ्यांची यादी मागितली की "वैयक्तिक माहिती" म्हणून अर्ज परत यायचा, ही आमची खरी धास्ती आहे.

मनीषा_नाशिक
हे माहीत नव्हतं, दादा. दोन्ही बाजूंनी बोललं पाहिजे. वकीलसाहेब, लॅबला लेखी विचारणार आहे. संमतीचा कागद मराठीत मागता येतो का? आईला इंग्रजी येत नाही.

वकील_कोल्हापूर
डेटा कायद्याचं कलम ५ लागू झालं की तो हक्कच आहे, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही. तोवर मागायला कुणाची बंदी नाही. पत्राची पोच मात्र घ्या.