काजव्यांसाठी घरगुती वायर रिमोट करायचाय (कॅनन १३००डी)

सई_भटकी :
नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं पुरुषवाडीला काजवे बघायला चाललोय. माझ्याकडे कॅनन १३००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि मामाचा जुना जड ट्रायपॉड आहे. दोन सेकंदांचा टायमर लावून गच्चीवर सराव चाललाय. एखादा फोटो बरा येतो. पण मला तास-दीड तास एकामागून एक ३० सेकंदांचे फोटो घ्यायचेत आणि नंतर संगणकावर एकत्र करायचेत. दर वेळी अंधारात चाचपडत बटण दाबलं की ट्रायपॉड हलतो, आणि मधल्या वेळात जे चमकून गेले ते गेले.

मोबाइलचं अ‍ॅप वापरून पाहिलं. वायफायने बॅटरी भराभर उतरते आणि झाडाखाली मोबाइलचा पडदा उजळवणं मलाच बरं वाटत नाही. तयार रिमोट मागवायला हरकत नाही, पण आमच्याकडे कुरियर कधी येईल याचा भरवसा नसतो.

कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला रबरी झाकणाखाली हेडफोनच्या भोकासारखं, पण त्याहून बारीक एक भोक आहे. ते रिमोटचंच ना? त्याला घरी काही करून जोडता येईल का? सोल्डरिंग शाळेत प्रयोगापुरतं केलंय. कॅमेरा बाबांच्या पैशांचा आहे, जळला तर मला घरात घेणार नाहीत.

निनाद_डों :
दोन-तीनशे रुपयांत तयार मिळतो हो. कशाला खटपट करताय?

वायरमन_काका :
सई, रिमोटचंच आहे ते भोक. अडीच एमएमचा स्टिरिओ जॅक. मोबाइलच्या हेडफोनचा साडेतीनचा असतो, म्हणून तुला बारीक दिसतो. कॅननच्या १३००डी, १५००डी, २००डी, ८०डी या कॅमेऱ्यांना हाच आहे. मोठ्या बॉड्यांना, म्हणजे ५डी, ७डी वगैरेंना, तीन पिनांचं वेगळं सॉकेट असतं. ते प्लग सुटे मिळायला त्रास. तुझं काम सोपं आहे.

आधी आत काय चालतं ते समजून घे, म्हणजे भीती जाईल. प्लगला तीन भाग असतात. टोक, मधली कडी आणि मागची दांडी. दांडी म्हणजे कॉमन. कडी दांडीला चिकटली की कॅमेऱ्याला वाटतं बटण अर्धं दाबलंय, म्हणजे फोकस. टोक दांडीला चिकटलं की पूर्ण दाबलंय, म्हणजे शटर. संपलं. रिमोटमध्ये याच्यापलीकडे काही नसतं. सेल नाही, चिप नाही. नुसते दोन स्विच. त्या तारांवर कॅमेराच स्वतःचे दोन-तीन व्होल्ट ठेवतो, आणि आपण ते फक्त कॉमनला टेकवतो. जळायला त्यात काही नाही. एकच पथ्य पाळायचं : त्या तारांत बाहेरून वीज सोडायची नाही. 'चालू आहे हे कळावं' म्हणून छोटा एलईडी आणि सेल टाकायचा मोह पुष्कळांना होतो. टाकू नकोस.

आता सामान. घरात बंद पडलेला वायरचा माऊस असेलच. तो घे. माऊसमध्ये दोन उत्तम मायक्रोस्विच असतात, खोकं हातात बसेल असं तयार असतं, आणि दीडेक मीटर चांगली वायर फुकट. डावं बटण फोकस, उजवं शटर.

माऊसचा यूएसबी प्लग कापून टाक. वायर सोललीस की आत चार बारीक तारा निघतील, साध्या सुट्या तांब्याच्या, कथील पटकन धरणाऱ्या. आपल्याला तीनच लागतात, चौथी मुडपून टेप मार. दुसऱ्या टोकाला माऊसच्या आत त्या पांढऱ्या कनेक्टरवर येतात. तिथून कापून मोकळ्या कर. मग दोन्ही मायक्रोस्विच बोर्डावरून डाग काढून सोडव. बोर्डावर तसेच ठेवून जोडलेस तर माऊसची चिपही त्याच पट्ट्यांवर बसलेली असते, नसतं लचांड. स्विच सुटले की बोर्ड फेकू नको, ते स्विच जिथे बसतात ती जागा कापून गोंदाने परत बसव, म्हणजे वरचं प्लास्टिकचं बटण बरोबर त्यांच्यावर येतं.

मायक्रोस्विचला बहुधा तीन पाय असतात. त्यातले दोन दाबल्यावर जुळतात, दोन दाबल्यावर सुटतात. मल्टिमीटर बझरवर लाव आणि पाय दोन-दोन करून तपास. ज्या जोडीवर दाबल्यावर 'टी' वाजतं आणि सोडल्यावर थांबतं ती जोडी आपली. तिसरा पाय कापून टाक.

जोडणी : दांडीची तार दोन्ही स्विचच्या एकेका पायाला. कडीची तार डाव्या स्विचच्या उरलेल्या पायाला. टोकाची तार उजव्याच्या उरलेल्या पायाला. आणि तुला तास-दीड तास बोट दाबून बसायचं नाहीये, म्हणून उजव्या स्विचला समांतर एक छोटा सरकता स्विच. मोडक्या खेळण्यातला चालतो. माऊसचं चाक काढलंस की जी फट उरते, तिथे तो नेमका बसतो.

निनाद, तयार घ्या, कोण नको म्हणतंय. पण तयारवाल्यात बटण पुढे ढकलून लॉक होतं ती आतली पत्र्याची पट्टी वर्षभरात ढिली होते. दुकानात तसे पुष्कळ उघडलेत मी. आणि आठवड्यात हवं असेल तर माऊस घरातच आहे.

सई_भटकी :
काका, एवढं सविस्तर! माऊस आहे, बाबांच्या ऑफिसातला मेलेला. पण अडीचचा प्लग इथे कुठल्याच दुकानात नाही. पुण्यात मावशीला तपकीर गल्लीत पाठवता येईल, पण ती म्हणेल नीट नाव सांग. जुन्या मोबाइलच्या हँड्सफ्रीला मात्र बारीक प्लग आहे. तो चालेल का?

वायरमन_काका :
मावशीला सांग, 'अडीच एमएम स्टिरिओ प्लग, सोल्डरवाला'. दुकानदार मोनो देऊ बघेल. मोनोला एकच काळी रेघ असते. आपल्याला दोन रेघा हव्यात.

हँड्सफ्रीच्या प्लगवरही काळ्या रेघा मोज. दोन असतील तर बेलाशक काप. तीन असतील तर तो चार भागांचा, माइकवाला. त्यात मागचे दोन भाग एकत्र जोडून चालवता येतं, पण त्यापेक्षा साडेतीनवरून अडीचवर नेणारा छोटा अडॅप्टर मिळाला तर बघ, म्हणजे कुठल्याही जुन्या इअरफोनचा साडेतीनचा प्लग चालेल. तोही दोन रेघांचाच.

इअरफोनची वायर कापलीस की एक गंमत दिसेल. आत केसासारख्या बारीक तारा, काही लाल, काही हिरव्या, काही तांब्याच्याच रंगाच्या, आणि मध्ये पांढरा दोरा. तो रंग म्हणजे लाख, वार्निश. त्याच्यावर कथील धरत नाही. लोक कितीही डाग देतात, गोळी होऊन घरंगळते, आणि मग म्हणतात सोल्डर हलकं. तारेचं टोक लायटरच्या ज्योतीत क्षणभर धर. लाख फुर्रकन जळते, दोराही जळतो. काजळी नखाने किंवा कागदाने पुसून घे, राळेत (फ्लक्समध्ये) बुडव, मग कथील दे. तार चांदीसारखी झाली म्हणजे झालं. फार वेळ जाळलीस तर तांबंच खाऊन जाईल, एवढी ती बारीक असते.

आणि रंगावर जाऊ नकोस. लाल म्हणजे अमुक, हिरवा म्हणजे तमुक हे कंपनीगणिक बदलतं. मीटरचा एक काटा प्लगच्या टोकाला, दुसरा एकेका तारेला, वाजली की चिठ्ठी लाव. मग कडी, मग दांडी. पाच मिनिटांचं काम, पण ते केल्याशिवाय पुढे एकही डाग देऊ नकोस. जोडाला श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवायची ती डाग देण्याआधी तारेत ओवून ठेव.

शेवटची परीक्षा कॅमेऱ्याबाहेर. प्लग हातात धर, टोक आणि दांडीवर मीटर : उजवं बटण दाबल्यावरच वाजलं पाहिजे. कडी आणि दांडी : डावं दाबल्यावरच. टोक आणि कडी आपसात कधीच वाजता कामा नये, दोन्ही बटणं एकदम दाबली नसतील तर. इतकं जमलं की बिनधास्त कॅमेऱ्यात खुपस.

अनघा_दे :
मधेच घुसते, माफ करा. माझ्याकडे निकॉन डी३५०० आहे. त्याला असलं भोकच नाही. आम्ही काय करायचं?

मास्तर_कुडाळ :
अनघाताई, डी३५०० ला निकॉनने वायरचं सॉकेटही ठेवलं नाही आणि इन्फ्रारेड रिमोटचा डोळाही काढून टाकला. उरतो ब्लूटूथवाला मोबाइल. तो नको असेल तर आमच्या नववीच्या पोरांचा उपाय सांगतो. दोन इंजेक्शनच्या सिरिंजा, सुया नकोत, आणि मध्ये सलाइनची नळी. दोन्हींत पाणी भरून बुडबुडे पूर्ण काढायचे. एक सिरिंज पत्र्याच्या पट्टीने कॅमेऱ्यावर अशी बांधायची की दट्ट्या शटरच्या बटणावर टेकेल. दुसरी हातात. इथे दाबलं की तिथला दट्ट्या खाली जातो, पास्कलचा नियम. पाण्याऐवजी हवा ठेवली तर ती आधी आतल्या आत दबते आणि अर्ध्या दाबाचा अंदाज येत नाही. पाण्याने फोकसची पायरी बोटाला कळते. नळी तेवढी कॅमेऱ्याच्या वर लोंबू देऊ नका, गळाली तर पाणी खाली जमिनीवर जावं. मात्र हे यंत्र बटणच दाबतं, त्यामुळे थोडा हादरा बसतोच. सुरुवातीचा फोटो टाकून द्यायचा आणि सलग मोडवर दाबून ठेवायचं.

वायरमन_काका :
मास्तर, झकास. आमच्या वेळी फिल्मच्या कॅमेऱ्याला रबरी फुगा आणि लांब नळी यायची, तेच हे. फरक इतकाच की तिथे हवा होती.

रानवाटा :
सई, पुरुषवाडी, राजमाची, भंडारदरा तिन्हीकडे जाऊन आलोय, म्हणून रिमोटपलीकडचं थोडं. लॉक लावून, म्हणजे तो सरकता स्विच चालू ठेवून, सलग काढायचे असतील तर मेनूमधलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद कर. चालू राहिलं तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून दुसरा काळा फोटो घेत बसतो, आणि अर्धे काजवे तिथेच गेले. ड्राइव्ह मोड सलगवर. मोड एम (मॅन्युअल), शटर ३० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) जितकं उघडेल तितकं, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) १६०० पासून सुरू कर. फोकस उजेड असतानाच झाडाच्या बुंध्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून जमव, मग लेन्स एमएफवर (हाताने फोकस) टाक आणि रिंगला टेपचा तुकडा लाव. ऑटोफोकसवर राहिली तर अंधारात कॅमेरा फोकस शोधत बसेल आणि तुझा रिमोट बिघडला असं तुला वाटेल. फोटो दिसणं बंद ठेव, मेमरी कार्डाचा तो लाल दिवाही टेपने झाक.

नंतर एकत्र करायला स्टारस्टॅक्स फुकट आहे. त्यात लाइटन निवड, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला जो फोटो सगळ्यांत उजळ तो घेतला जातो.

टायमर रिमोट (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा) कोणी सुचवेल तर एक लक्षात ठेव. कॅननचं ३० सेकंद म्हणजे खरं ३२ असतं. ३१ सेकंदांचं अंतर लावलं की एकआड एक फोटो गळतो. तुझ्या लॉकला ही भानगड नाही, एक मिटला की दुसरा उघडतो.

आणि एक विनंती, तुला नाही, इथे वाचणाऱ्या सगळ्यांना. हिरडा-बेहडा-सादड्याच्या झाडाखाली टॉर्च मारत हिंडू नका. काजव्यांचं ते चमकणं म्हणजे नर-मादीची बोलणी चाललेली असतात. आपल्या उजेडात ती मोडतात. मागच्या सीझनला एका गटाने फ्लॅश मारून मारून आख्खं झाड विझवलं होतं, आणि वर गाइडलाच विचारत होते की आज काजवे कमी का.

निनाद_डों :
हे वाचून मीही माऊस शोधायला लागलोय. काका, एकच बटण ठेवलं तर चालेल का? फोकस आणि शटरच्या तारा एकत्र करून?

वायरमन_काका :
चालेल. टोक आणि कडीची तार एकत्र पिळून एका पायाला, दांडी दुसऱ्याला. एमएफवर लेन्स असेल तर फोटो लगेच उडतो. ऑटोवर असेल तर आधी फोकस जमवतो मग उडतो, जमला नाही तर उडत नाही. पण मी दोनच ठेवतो. कॅमेरा झोपलेला असला की डावं बटण हलकं दाबून त्याला जागं करता येतं, फोटो न काढता.

सई_भटकी :
झाला! मावशीने प्लग पाठवला, दोन रेघांचाच. पहिला डाग ओबडधोबड होता, पण मीटर वाजतो. गच्चीवरून समोरच्या टेकडीवरचे दिवे सलग काढले, एकही फोटो हलला नाही. बाबा विचारत होते माऊस कॅमेऱ्याला का जोडलाय.

आता एकच अडचण. अंधारात सरकता स्विच कुठे चालू, कुठे बंद ते कळत नाही. दिवा लावायला तर तुम्ही मनाई केलीये.

वायरमन_काका :
चालू बाजूला प्लास्टिकवर एम-सीलचा मुगाएवढा ठिपका दे. बोटाला लागला म्हणजे चालू. आणि स्विच चालू करण्याआधी प्लग कॅमेऱ्यात पूर्ण आत गेलाय ना ते बघ, रबरी झाकण मधे अडकून बाहेर ढकलतं तो. वायर ट्रायपॉडच्या पायाला एक वेढा देऊन बांध, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ सॉकेटवर येणार नाही. सॉकेट तुटलं तर मात्र बाबा खरंच घरात घेणार नाहीत.