मदत हवी आहे: जुन्या ट्रकचं इंजिन जाम, मिस्त्री म्हणतो काढून फेका

कपाशीवाला:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. गाडी घेतली आहे, नाकवाली (पुढे बॉनेट असलेली). जिनिंगच्या आवारात उभी होती. धंदा नाही करायचा, हौस आहे, होती तशी करायची. इंजिन जाम आहे. इथला मिस्त्री म्हणतो हे फेका, दुसरं ६९७ इंजिन बसवून देतो. मला मूळचंच पाहिजे. सोडवायचं कसं तेवढं सांगा. पोळ्याला दारात सुरू करून दाखवतो असं घरी बोलून बसलोय.

वणीचा_भाऊ:
नाकवाली म्हंजे कोणती बाप्पा? बेडफोर्डले नाक होतं, डॉजले होतं, फार्गोले होतं. उभ्या उभ्या जाम झाली का चालता चालता धरलं? पावसात होती का शेडमंधी?

कपाशीवाला:
टाटाच हो. दुसरी कोणती असणार.

नोझल_पंप_हिंगणघाट:
"टाटाच" म्हणून भागत नाही. मर्सिडीजशी करार १९५४ चा, १९६९ ला संपला. मर्सिडीजचा तारा (चिन्ह) असलेली गाडी आणि त्यानंतरची गाडी यांचे सुटे भाग शोधायच्या वाटा वेगळ्या. पुढच्या जाळीवर तो तारा आहे का?

कपाशीवाला:
तारा नाही. १२१०. उघड्यावरच होती. पण भाऊ, प्रश्न इंजिनचा आहे.

वरुडची_संत्री:
१२१०! बारा टन, शंभर घोडे, म्हणून बाराशे दहा. आमच्याकडून संत्री याच गाड्यांत दिल्लीला जायची. आंबिया बहाराच्या दिवसांत आमच्या अंगणात रात्रभर गाड्या भरल्या जायच्या, आई ड्रायव्हर-क्लीनरच्या भाकरी थापायची. केबिन सागाची आहे का पत्र्याची? फोटो टाका ना.

कॉमेट_बडनेरा:
हौसच करायची होती तर लेलँड कॉमेट घ्यायची. टाटा काय, गल्लोगल्ली होत्या.

वणीचा_भाऊ:
गल्लोगल्ली होत्या म्हणूनच सामान भेटते ना! तुह्या कॉमेटचा एक गॅस्केट आणून दाखव बडनेऱ्यात, मंग बोल.

नोझल_पंप_हिंगणघाट:
भांडणं नंतर. कपाशीवाले, सेल्फ मारू नका. ट्रॅक्टरला टोचन लावून गिअरमध्ये ओढू तर अजिबात नका, पोरं हौसेनं तेच करतात. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मिस्त्रीचं म्हणणं खरं होऊन बसतं.

आधी चेंबरचं (इंजिनच्या तळाचं) ऑइल उघडा. पाणी खाली बसतं, म्हणून आधी तेच येईल. आलं तर हेड उतरवायची तयारी ठेवा. मग सहाही इंजेक्टर काढा, भोकांतून निम्मं डिझेल निम्मं गिअर ऑइल ओता आणि मुरू द्या. रोज थोडं घालत राहा. त्यानंतर फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी (लोखंडी दांडा) घालून मागे-पुढे, मागे-पुढे. एकाच बाजूला रेटायचं नाही. दोन दाते सरकले की समजा सुटलं. आठ-दहा दिवसांत नाहीच हललं तर हेड काढा, कोणता पिस्टन गंजून बसलाय ते डोळ्यांनी दिसेल. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खराब असेल तर लायनर, म्हणजे नवं अस्तर, टाकता येतो, ब्लॉक कशाला फेकायचा?

आणि डिझेलचा पंप. हे कोणी सांगत नाही. उभ्या गाडीच्या पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकलेली असू शकते. तशी सुरू केली तर इंजिन पळत सुटतं, बंद होत नाही. पंप बेंचवर तपासून आणल्याशिवाय चावी नाही. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा हवेच्या तोंडापाशी जाड फळी घेऊन माणूस उभा करा, इंजिन पळालं तर तोंड झाकायला. फडकं नको, आत ओढलं जातं.

वणीचा_भाऊ:
गिअर ऑइल कायले? आमी घासलेट टाकत होतो, तरी सुटत होतं.

नोझल_पंप_हिंगणघाट:
सुटतं, पण भिंती कोरड्या राहतात. मग रिंगा ओरखडे पाडतात, ते कोण भरणार?

टँकर_पाहिजे_का:
हौदा काढून पाण्याची टाकी बसवा. उन्हाळ्यात यवतमाळकडे टँकरला मरण नाही. बारा टनी चेसिसवर किती लिटरची टाकी बसते तो हिशेब देतो.

कपाशीवाला:
टँकर नाही करायचा!! पंपवाले दादा, टॉमी लावून झाली, हललं नाही.

नोझल_पंप_हिंगणघाट:
ऑइल मुरवून लावली की कोरडीच?

कपाशीवाला:
कोरडीच.

आरटीओ_फेऱ्या:
इंजिनाचं चालू द्या. कागद कुणाच्या नावावर आहेत?

कपाशीवाला:
जिनिंगच्या शेठच्या. ते वारले, मुलानं दिली. आरसी आहे, जुनं पुस्तक.

आरटीओ_फेऱ्या:
मग आधी फॉर्म ३१ वर मुलाच्या नावावर, त्यानंतर २९ आणि ३० वर तुमच्या. पुस्तक जुनं असेल तर ऑनलाइन नोंद आहे का बघा, नसेल तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. विंटेज गाडीच्या नोंदणीच्या भरवशावर राहू नका. २०२१ चा तो नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी चारचाकीसाठी आहे, मालट्रक त्यात बसत नाही. रस्त्यावर काढायची तर फिटनेस लागणार. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या जड गाडीला त्याची फी साडेबारा हजार झाली होती, पुढे तीही वाढली. ६९७ बसवलं असतं तर इंजिन नंबर बदलला म्हणून परवानगी वेगळी. मिस्त्रीनं हे सांगितलं नसेल.

कॉमेट_बडनेरा:
त्यापेक्षा लष्कराच्या लिलावातली शक्तिमान बघायची. जबलपूरची, मॅनचं डिझाइन. चिखलात कुठंही जाते.

वणीचा_भाऊ:
काल कॉमेट, आज शक्तिमान. एकावर रहा ना गड्या.

कपाशीवाला:
चेंबरमधून पाणी नाही आलं, नुसतं काळं ऑइल. पाच इंजेक्टर निघाले. फॅनकडून सहावा गंजून बसलाय. गॅस लावून गरम करू का? लवकर सांगा, वेल्डिंगवाला उभा आहे.

नोझल_पंप_हिंगणघाट:
थांबवा त्याला. बाकीच्या पाच भोकांत डिझेल ओतून झालंय का?

कपाशीवाला:
हो, सकाळीच.

नोझल_पंप_हिंगणघाट:
मग गॅस जवळसुद्धा आणू नका. वेल्डिंगवाल्याला घरी पाठवा. इंजेक्टरचा पुलर मिळतो, माझ्याकडे आहे. पण इंजेक्टरच्या दांडीची चूडी (आटे) मोजून कळवा.