अंदाजापेक्षा कमी डेप्थवर चॅटरिंग: मटेरियलचा आकडा किती बदलावा?

प्रश्न (व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनचा विभाग, भोसरी)

नमस्कार. आम्ही ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियममध्ये १२ मिमीच्या तीन फ्लूटच्या (कापणाऱ्या दातांच्या) कार्बाइड एन्ड मिलने पूर्ण रुंदीचे स्लॉट काढतो. टॅप टेस्टमध्ये (टूलला हलका ठोका देऊन कंपन मोजण्याच्या चाचणीत) टूलची नैसर्गिक वारंवारता सुमारे १००० हर्ट्झ आली आणि सॉफ्टवेअरने वेगानुसार सुरक्षित डेप्थच्या आलेखात १०,००० व ६,६६७ आरपीएमजवळ स्थिर पट्टे (जास्त डेप्थ चालणारे वेग) दाखवले. प्रत्यक्षातही ते तिथेच मिळतात. मात्र आलेखानुसार ३ मिमी डेप्थ सुरक्षित असताना २ मिमीच्या पुढे गेल्यावर चॅटरिंग (कापताना वाढत जाणारे टूलचे कंपन) सुरू होते, आणि दोन्ही वेगांवर तफावत सारखीच आहे. मटेरियलच्या यादीतील विशिष्ट कर्तनबल (चिपच्या दर चौ. मिमी छेदाला लागणारे बल) ६०० न्यूटन प्रति चौ. मिमी आहे, ते थेट ९०० करावे का? धारेच्या घर्षणबलाचा आकडाही वाढवून पाहिला, पण आलेख जागचा हलला नाही.

उत्तर (टूलरूम)

पट्ट्यांचे आरपीएम जुळतात, ही या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. आरपीएम ठरतो वारंवारता आणि फ्लूटच्या संख्येवर: ६० × १००० ÷ ३ म्हणजे २०,०००, त्याचा निम्मा १०,००० आणि एक तृतीयांश ६,६६७. कर्तनबल बदलल्याने पट्टे डावी-उजवीकडे सरकत नाहीत, आलेखाची उंची तेवढी व्यस्त प्रमाणात बदलते. आरपीएम चुकत असते, तर मटेरियलला हात न लावता टॅप टेस्ट पुन्हा घ्या, असेच सांगितले असते.

धारेच्या बलाविषयी: चॅटरिंगला खतपाणी मिळते ते चिपच्या जाडीतील बदलामुळे, आणि धारेचे बल जाडीवर अवलंबून नसल्याने स्थिरतेच्या साध्या गणितात येतच नाही.

उत्तर (कंपनशास्त्राचा अध्यापक)

वरील विवेचन योग्य आहे, तरीही थेट ९०० करू नये असे माझे आग्रहाचे मत आहे. डेप्थची मर्यादा कर्तनबलाप्रमाणेच टूलच्या ताठरपणावर आणि अवमंदनावरही (कंपन विरण्याच्या प्रमाणावरही) अवलंबून असते. कोलेटची (होल्डरमध्ये टूल आवळणाऱ्या बाहीची) पकड बदलली की वारंवारता जवळपास तीच राहूनही अवमंदन बदलू शकते, आणि ती तफावत मटेरियलच्या खात्यावर टाकली तर पुढच्या टूलचा अंदाजही बिघडतो. आपला फीड प्रति दात किती आहे? चिप पातळ झाली की विशिष्ट बल वाढते: घातांक ०.२५ धरल्यास जाडी निम्मी होताच सुमारे १९ टक्क्यांनी.

प्रश्नकर्ता

फीड प्रति दात ०.०५ मिमी आहे; यादीतील आकडा ०.१ मिमीसाठीचा आहे. आमच्याकडे डायनॅमोमीटर (कर्तनबल मोजण्याचे उपकरण) नाही.

उत्तर (टूलरूम)

स्पिंडलची पॉवर वॅटमध्ये दिसत असेल, तर तेवढ्यावर बऱ्यापैकी काम भागते. डेप्थ १ मिमी आणि वेग १०,००० आरपीएम कायम ठेवून, चॅटरिंग नसताना, फीड १,५०० वरून ३,००० मिमी प्रति मिनिट करा आणि पॉवरमधील वाढ नोंदवा. मटेरियल काढण्याचा दर मिनिटाला १८,००० घन मिमीने वाढतो. समजा वाढ २४० वॅट आली, तर २४० × ६०,००० ÷ १८,००० म्हणजे ८०० न्यूटन प्रति चौ. मिमी. फरकच घेतल्यामुळे हवेत फिरण्याची पॉवर आणि धारेचे घर्षण आपोआप वजा होते. मात्र यातून केवळ स्पर्शरेषीय बल मिळते, त्रिज्यीय बलाचे गुणोत्तर यादीतलेच ठेवावे लागेल.

८०० आले, तर अंदाज ३ × ६०० ÷ ८०० म्हणजे २.२५ मिमीवर येईल. तिथून २ मिमीपर्यंतचा उरलेला फरक होल्डरमध्ये शोधा: कोलेट साफ करून, कामाच्याच स्टिकआऊटवर (होल्डरबाहेरच्या लांबीवर) टूल बांधून टॅप टेस्ट पुन्हा घ्या.