पिंपातील ओला कचरा चिकट झाला आहे, काय करावे?

प्रश्न: भाज्यांच्या साली आणि बागेतील कापलेले हिरवे गवत मी तीन आठवड्यांपासून झाकणाच्या पिंपात साठवत आहे, परंतु खत होण्याऐवजी तळाशी काळपट लगदा साचला असून झाकण उघडताच उग्र वास येतो. सर्व टाकून पुन्हा सुरुवात करावी का?

उत्तर १: कृपया काहीही टाकू नका. हवा न मिळाल्यामुळे कचरा कुजण्याऐवजी सडू लागला आहे. जीवाणूंना कर्ब (कार्बन, वाळलेल्या पाल्यात जास्त) आणि नत्र (नायट्रोजन, ओल्या कचऱ्यात जास्त) साधारण ३०:१ या प्रमाणात मानवतात. व्यवहारात एक भाग ओल्या कचऱ्याला दोन ते तीन भाग वाळलेला पाला किंवा फाडलेला पुठ्ठा, एवढा हिशेब पुरतो. लगद्यात पाला कालवा आणि पिंपाला तळाशी व बाजूंनी भोके पाडा. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीतून एखाददुसराच थेंब निघाला, तर ओल योग्य समजावी.

उत्तर २: सहमत आहे. गवताची ओली पाती मात्र चटईसारखी एकमेकांवर बसून हवा अडवतात, म्हणून ते आधी उन्हात सुकवून पातळ थरानेच घालावे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. तेलकट, शिजवलेले अन्न यात चालेल का?

उत्तर १: सध्या नको, त्याने उंदीर आणि माश्या येतात.