नववीतली मुलगी शाळेत जात नाहीये, पुण्यात कुणाकडे न्यावं?

धायरीची_आई
मुलगी नववीत आहे. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हापासून रोज सकाळी पोटात दुखतं. गणवेश घालते, माझ्याकडून वेणी घालून घेते, बूट घालायला बसते आणि एका बुटाची नाडी बांधून तशीच बसून राहते. व्हॅनवाले काका दोनदा हॉर्न वाजवून जातात. दहा वाजले की दुखणं थांबतं. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल आलंय. सासूबाईंनी दृष्ट काढली, ह्यांनी ओरडून पाहिलं. परवा रात्री म्हणाली, "मी नसतेच तर तुम्हाला एवढा त्रास झाला नसता." तेव्हापासून मी तिच्या खोलीतच झोपते. समुपदेशक शोधू की थेट डॉक्टर? कुणी अनुभव सांगाल का?

मुठेकाठी
ताई, बाकीचं नंतर. आधी त्या वाक्याबद्दल तिला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. घरातली औषधं, फिनाइल कुलपात ठेवा. आज रात्रीच १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, २४ तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. ती 'हो' म्हणाली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी 'कनेक्टिंग' ही संस्था पुण्यातलीच आहे, त्यांचीही हेल्पलाइन आहे.

सहकारनगर_७२
आमचा मुलगा आठवीत असताना आम्ही यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली चूक आमचीच. ओळखीतून मिळालं म्हणून एका समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी त्याच्यासमोरच आम्हाला "मोबाइल काढून घ्या" सांगितलं. तो महिनाभर कुणाशी बोलला नाही. म्हणून ताई, पहिल्या फोनवरच विचारा: शिक्षण काय, किशोरवयीन मुलांबरोबर काम केलंय का, मुलाशी एकटं बोलता का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नंबर मागा, मागितल्याचा चांगल्या माणसाला राग येत नाही. औषधं समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट देत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ देतात, कारण ते एमबीबीएसनंतर शिकलेले डॉक्टर असतात. तिच्या त्या वाक्यामुळे तुम्ही आधी त्यांच्याकडेच जावं असं मला वाटतं. थेरपी त्यांच्या सल्ल्याने सुरू होईल.

दुसरं, शाळा. घरी राहिलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण जितके दिवस जातात तितकं परत जाणं अवघड होतं. आम्हाला थेरपिस्टने पायऱ्या आखून दिल्या. पहिला आठवडा फक्त गेटपर्यंत जाऊन परत. मग ग्रंथालयात एक तास. मग दोन तासिका. वर्गशिक्षिकांना विश्वासात घेतलं होतं. आमच्याकडे मूळ कारण मधल्या सुट्टीत निघालं: तीन मुलं त्याचा डबा रोज उघडून हसायची. आम्हाला चार महिने पत्ता नव्हता. मुलीला "काय झालं?" विचारण्यापेक्षा "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतेस?" विचारून बघा.

आणि सेशनमध्ये काय बोलली ते विचारू नका. जिवाला धोका असेल तर थेरपिस्ट स्वतःहून सांगतात.

रास्तापेठी
पैशाची अडचण असेल तर ससूनला मानसोपचार विभाग आहे, स्टेशनजवळ. केसपेपर काढून दाखवता येतं. गर्दी असते, अर्धा दिवस धरून जा, आधीचे रिपोर्ट सोबत न्या. विमा असेल तर पॉलिसी वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायला सांगितलंय. मात्र बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीचं आधी विचारून घ्या.

सदाशिव_पेठ
अभ्यासाचं दडपण वाटत असेल, तर ज्ञानप्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागात चौकशी करा. पण आत्ता नको, आधी ती सावरू दे.

सहकारनगर_७२
आणि ताई, तिच्या बाबांना पहिल्या भेटीला न्याच. आमच्याकडे हे डॉक्टरांसमोर रडले, त्यानंतर घरातलं ओरडणं थांबलं.

धायरीची_आई
रात्री १४४१६ ला बोलले, पाऊण तास. मग तिला विचारलं. "कधीकधी वाटतं, पण काही करणार नाही" म्हणाली आणि माझ्या कुशीत शिरली, कित्येक महिन्यांनी. गोळ्यांचा डबा कपाटात कुलपात ठेवलाय. उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली आहे मानसोपचारतज्ज्ञांची. हे रजा टाकतायत, तिघं जातोय.